चार मिनिटं लवकर

आमच्याकडे रात्री रानात जाणारा माणूस वर बघत नाही. टॉर्चचा झोत पावलापुढे, कान उसाकडे, आणि तोंडाने काहीतरी मोठ्याने चालू: खोकला, गाणं, नाहीतर मोबाइलवर लावलेलं भजन. जुन्नर तालुक्यात बिबट्याला आपली चाहूल आधी लागलेली बरी. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात आप्पा पाणी द्यायला बाहेर पडले की आई ओट्यावर बसून राहायची आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की मगच आत यायची. चांदणं होतंच, आमच्याकडे काय पुण्यासारखे दिवे नाहीत. पण ते बघायला मान वर करावी लागते.

त्यामुळे एसओपीच्या पहिल्या ओळीत मी जे लिहिलं ते साफ खोटं होतं. लहानपणापासून ताऱ्यांनी भरलेलं आकाश मला खुणावत आलंय, अशा अर्थाचं एक गुळगुळीत इंग्रजी वाक्य. ते माझंही नव्हतं. हॉस्टेलच्या ग्रुपवर सिनियर मुलामुलींचे तीन-चार एसओपी फिरत होते, त्यांतून जुळवलेलं. एसओपी म्हणजे 'मला हे का करायचंय' ते सांगणारं एक पान. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात काही आठवडे रेडिओ खगोलशास्त्राच्या प्रकल्पावर काम करायची संधी होती. देशभरातून अर्ज येतात आणि जागा मोजक्याच, एवढं सगळ्यांना माहीत होतं. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. लेखीत माझं नाव आलं तेव्हा मेसमध्ये मी दोन वाट्या शिकरण जास्त खाल्लं.

गंमत अशी की त्या पानावर लिहिण्यासारखं माझ्याकडे एक खरं होतं. आमच्या घराच्या स्लॅबवरून जीएमआरटीची एक डिश दिसते. खोडदची ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण म्हणजे अशा तीस डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरल्यात. एका टोकाची डिश दुसऱ्या टोकापासून पार २५ किलोमीटरवर, कुणाच्या द्राक्षबागेमागे, कुणाच्या कांद्याच्या चाळीशेजारी. आजी आमच्या डिशला छत्री म्हणायची. जोराचा वारा सुटला की ती डिश आभाळाकडे तोंड करून निवांत पडते, म्हणून आजी अंगणातून ओरडायची, "छत्री उताणी झाली, वाळवण आत घ्या." शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्हाला खोडदला नेलं होतं. फाटकाशी बाईंना मोबाइल बंद करायला लावला, याचंच आम्हाला फार अप्रूप वाटलं होतं.

हे काही मी लिहिलं नाही. का, ते आज सांगायलाही थोडं लाजिरवाणं वाटतं. छत्री, वाळवण, कांद्याची चाळ हे सगळं मला गावठी वाटलं. विज्ञान इंग्रजीत होतं आणि घर मराठीत. मध्ये एसटीचा दोन तासांचा प्रवास होता आणि त्या प्रवासात मी पिशवीसारखी एक मी उतरवून ठेवायचे आणि दुसरी उचलायचे.

तयारी मात्र जोरात केली. 'विचारले गेलेले प्रश्न' नावाची एक पीडीएफ होती, कुणीतरी वर्षानुवर्षं भर घालत आणलेली. ती मी जत्रेतल्या पोथीसारखी मुखोद्गत केली. फूरिए ट्रान्सफॉर्मची, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांत सुटा करायच्या गणिताची, व्याख्या. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा, १४२० मेगाहर्ट्झ. डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा न करता जाळीचा का केला: जाळीतून वारा निघून जातो, सांगाडा हलका करता येतो, खर्च वाचतो, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लाटांना ती जाळी सपाट भिंतीसारखीच भासते. ही युक्ती जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या चमूची, हेही पाठ. सायडेरियल डे, म्हणजे पृथ्वीची स्वतःभोवती एक पूर्ण फेरी, किती? २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. सेकंदांसकट पाठ होतं. हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा.

आरशापुढे उभं राहून 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' पण केलं. खोलीतली नांदेडची मैत्रीण बिछान्यावर पडून मार्क द्यायची. "हात कमी हलव, भाजी विकतीयेस का?"

मुलाखत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. बाहेरच्या बाकावर आम्ही अकरा जण. त्यातल्या कानपूरच्या एका मुलाने सगळ्यांना पारले-जी वाटली. त्याच्याकडे वही नव्हती, पीडीएफ नव्हती, काहीच नव्हतं. तो समोरच्या झाडावरच्या खारीकडे बघत बसला होता. मला त्याचा राग आला. मी माझी उसनी कुर्ती ताणून घेत चौदाव्यांदा फूरिएची व्याख्या वाचली. आतून बाहेर येणारा प्रत्येक जण 'ठीक गेलं' म्हणत होता, आणि त्या 'ठीक'चे किती अर्थ असतात ते मला त्या दिवशी कळलं.

आत चौघं होते. एक बाई, तीन पुरुष. एकाच्या पायात घरच्या चपला. त्या चपलांनी मला जरा धीर आला होता, हे खरं.

बाईंनी माझं पान हातात घेतलं आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. मग चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं, "छान. मग काल रात्री कुठला तारा पाहिलास?"

पीडीएफमध्ये हा नव्हता.

काल रात्री मी हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली होते. परवाही. कुठलं तरी नाव ठोकून द्यावं असा विचार आला. पण एप्रिलमध्ये रात्री आभाळात काय असतं, हेच मला माहीत नव्हतं. चोरी करायची तर निदान घराचा नकाशा तरी हवा. मी गप्प राहिले. ती शांतता किती सेकंदांची होती कुणास ठाऊक, मला ती एसटीएवढी लांब वाटली. चपलावाले सर तोवर माझ्या अर्जावरचा पत्ता वाचत होते. "तालुका जुन्नर? म्हणजे खोडदजवळच की. तिथे तर आकाश चांगलं असतं."

आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, सर, आमच्याकडे रात्री वर कोणी बघत नाही, बिबटे आहेत.

चौघंही हसले. कुचकं नाही, पण हसले. माझे कान तापले. सर म्हणाले, "बरं, मग खाली काय दिसतं ते सांग." मी म्हटलं, वाट, पाण्याचे पाट, विजेच्या तारा, मोटार. "मोटार," त्यांनी तो शब्द उचलला. "हे बघ. तुझ्या वडिलांच्या मोटारीमुळे आम्हाला त्रास होतो. ठिणगी उडाली की रेडिओ लहरी निघतात. तू दुर्बिणीवर बसलीयेस, पडद्यावर एक सिग्नल आला. तो आकाशातून आलाय की वडिलांच्या विहिरीवरून, हे कसं ओळखशील?"

मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला अडखळले. तेव्हा ते म्हणाले, "मराठीत सांग. इथे चौघांपैकी तिघांना कळतं. उरलेल्याला आम्ही सांगू."

मला वाटलं, संपलं. माझ्या इंग्रजीची कीव आली यांना. आणखी वाईट म्हणजे मराठीतही शब्द सापडेनात. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. तरंगलांबी, वारंवारता हे शब्द माझ्याकडे होते, पण अकरावीपासून त्यांच्यावर धूळ बसली होती. तरी सुरुवात केली. म्हटलं, सिग्नलची वारंवारता बघेन, तेवढी गाळून टाकेन. त्यावर सर म्हणाले, ठिणगी सगळ्याच वारंवारतांवर पसरते, काय काय गाळशील? मग मी म्हटलं, डिश दुसरीकडे वळवेन. तारा असेल तर सिग्नल जाईल, मोटार असेल तर राहील. बाई म्हणाल्या, हे बरं आहे, पण डिशला चोरकान असतात, बाजूनेही ऐकू येतं. मग मला आमची छत्री आठवली आणि तिची वीस-पंचवीस किलोमीटरवरची बहीण. म्हटलं, लांबलांबच्या दोन डिश घ्यायच्या. आप्पांची मोटार एकीलाच ऐकू येईल, तारा दोघींना. चपलावाले सर खुर्चीत पुढे सरकले. इंटरफेरोमीटरचं, म्हणजे अनेक डिश जोडून एकच दुर्बीण करायचं, गणित मी वर्षभर सोडवत होते, पण दोन डिशमध्ये खरोखरची गावं असतात आणि प्रत्येक गावाची आपापली मोटार असते, हे मला ते वाक्य बोलताना पहिल्यांदा दिसलं.

"छान," सर म्हणाले. "आता मी तुझी एक डिश काढून घेतो. जी उरली ती जमिनीत रोवलेली, हलत नाही. नुसता कागदावर आवाज कमीजास्त झालेला उमटतो. पण वेळ हवा तेवढा घे. महिना घे. आता ओळख."

मी विचार करत राहिले. मग म्हटलं, "लाईट घड्याळावर येते. वेळापत्रक असतं. मोटारीचा आवाज रोज त्याच वेळी येईल."

"आणि तारा?"

"तारा पण... रोज उगवतो. रोज त्याच वेळी."

"रोज त्याच वेळी?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनी पेनाचं टोपण लावलं. सर म्हणाले, "घरी जाशील तेव्हा बघ. बिबट्या नसेल तेव्हा." आणि बाहेर मी बाकावरच्या मुलांना सांगितलं, ठीक गेलं.

दोन आठवड्यांनी यादी लागली. माझं नाव नव्हतं. खार बघणाऱ्या मुलाचं होतं. रडणं, मैत्रिणीने आणलेला वडापाव, घरी फोनवर 'अगं पुढच्या वर्षी' हे सगळं रीतसर झालं; त्यात सांगण्यासारखं काही नाही. निवड अन्यायाची होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. ज्याला तारा रोज त्याच वेळी उगवतो असं वाटतं, त्याला दुर्बिणीवर कशाला बसवायचं?

खरी टोचणी वेगळीच होती. उत्तर मला येत होतं. पीडीएफमध्ये होतं, सेकंदांसकट. पृथ्वी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी २३ तास ५६ मिनिटांत मारते. त्याच वेळात ती सूर्याभोवतीही जराशी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला आणखी चार मिनिटं लागतात. आपलं घड्याळ सूर्याचं. ताऱ्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे पळतं. म्हणजे तारा रोज चार मिनिटं लवकर येतो आणि मोटार येत नाही. महिन्यात दोन तासांचा फरक पडतो. कागदावर तो आंधळ्यालाही दिसेल. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण एका बंद खोलीत. 'सायडेरियल डे किती' असं कुणी दारावर थाप मारून विचारलं असतं तर आतून आकडा आला असता. सरांनी अंगणातून हाक मारली, ती आत पोहोचली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरी गेले. टोमॅटोचे तोडे चालू होते. दिवसभर क्रेट भरायचे, संध्याकाळी गाडी नारायणगावच्या बाजारात. रिकाम्या वेळी मी परत तेच वाचत होते आणि तिथे मला कार्ल जान्स्की भेटला. १९३० च्या सुमारास न्यू जर्सीत बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत या तरुण इंजिनीअरला एक रूक्ष काम दिलं होतं: अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधणं. त्याने एक लांबलचक अँटेना बांधली आणि ती गोल फिरावी म्हणून तिला फोर्डच्या जुन्या मोटारीची चाकं लावली. काही खरखर जवळच्या वादळांची निघाली, काही लांबच्या. उरली एक बारीक, सतत येणारी सूं. आधी त्याला सूर्याचा संशय होता. पण महिने गेले तशी ती सूर्यापासून सरकत गेली आणि तिच्या चढउताराची फेरी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटांची निघाली. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की हा आवाज आकाशगंगेतून, धनू राशीच्या बाजूने येतो. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात ही अशी, त्या चार मिनिटांतून झाली. सरांनी मला जान्स्कीची जागा दिली होती आणि वर महिनाभराची मुदत.

(उलटी गोष्टही वाचली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीवर वर्षानुवर्षं काही गूढ सिग्नल येत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला की कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आधीच त्याचं दार उघडत होतं. हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "शिकलेल्या माणसांनाबी दम निघत नाय मग.")

मग मी आप्पांचा जुना ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या जरा बाजूला, जिथे काहीच लागत नाही तिथे काटा ठेवला आणि विहिरीवर गेले. आप्पांनी स्टार्टर दाबला की रेडिओ कडाडायचा, मग शांत. पळती मोटार फारसा आवाज करत नव्हती. नंतर कळलं की आपल्या विहिरीवरच्या मोटारींना ब्रश नसतात. ठिणगी उडते ती स्टार्टरमध्ये. खरी खरखर मला डीपीपाशी, म्हणजे रानातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, सापडली. तिथे एका सैल फ्यूजमुळे रेडिओ सतत भाजत असल्यासारखा तडतडत होता. आप्पा म्हणाले, "वायरमनला तीनदा सांगितलं. त्याला म्हणावं आता, आभाळात ऐकू जातंय." त्या वाक्यावर आम्ही दोघं खूप हसलो. मोटारीचा बोल आप्पांवर आला होता, तो डीपीवर गेला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

त्याच संध्याकाळी मी ओट्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून बसले. दिवसाच्या लाईटचा आठवडा होता, अंगणात सगळे होते. मोबाइलवर नकाशा उघडून बघितलं, पश्चिमेला जरा दक्षिणेकडे झुकलेला तो ठळक पांढरा तारा म्हणजे व्याध. शेजारच्या काकांच्या स्लॅबवर पाण्याची काळी टाकी आहे. व्याध हळूहळू टाकीच्या कडेला आला आणि दिवा मालवावा तसा गेला. ८ वाजून २२ मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला पाठ, तेच डोकं त्याच गाठीला टेकवलेलं. ८ वाजून १८. तिसऱ्या दिवशी वळिवाचे ढग, नोंद नाही. चौथ्या दिवशी मी ८ वाजून ९ मिनिटांपासून श्वास धरून बसले होते. ८ वाजून १० ला गेला.

जे आकडे पुस्तकात हजारदा वाचले ते काकांच्या टाकीने दाखवले, यात एवढं काय? मला तरी अंगावर काटा आला. पण त्याहून मोठा धक्का पाचव्या दिवशी बसला, आणि तो आजीमुळे.

आजी बाजेवर पडून माझं हे रोजचं नाटक बघत होती. तिला सांगितलं, आजी, हा तारा रोज चार मिनिटं लवकर बुडतो. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "बुडणारच. नक्षत्र सरकतंय. आता पंधरा-वीस दिसांत मृग लागंल." आणि सवयीने पुढची यादी सुरू केली: मृग, आर्द्रा, पुनर्वसू तो तरणा पाऊस, पुष्य तो म्हातारा, आश्लेषा, मघा...

पावसाची नक्षत्रं मला जन्मापासून पाठ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती असतात, वाहनासकट: बेडूक, म्हैस, मोर. 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला, ७-८ जूनला. तिथे साधारण चौदा दिवस राहतो, मग आर्द्रात. वर्षात सत्तावीस नक्षत्रं फिरतो. म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत सूर्य रोज साधारण एक अंश मागे सरकतो, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं! ती माझ्या घरात होती. आजीच्या तोंडात, भिंतीवर, पेरणीच्या हिशेबात. सूर्याचं आणि ताऱ्यांचं घड्याळ वेगळं आहे, हे गृहीत धरूनच तर माझं सगळं खानदान आजवर पेरत आलंय.

मग मी ती पीडीएफ पुन्हा उघडली. सायडेरियल डे. त्याला मराठीत काय म्हणतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं. नाक्षत्र दिवस. शब्दातच नक्षत्र आहे. सर जेव्हा 'मराठीत सांग' म्हणाले आणि मला त्यात कीव दिसली, तेव्हा त्यांनी मला बहुतेक एक दरवाजा दाखवला होता. अर्थात त्यांच्या मनात एवढं असेल असंही नाही. समोरची मुलगी घाबरलीये, तिला बोलतं करावं, एवढंच असेल. मराठीत विचार केला असता तर उत्तर आलंच असतं, असा दावाही मी करणार नाही. मुलाखतीत घशाला कोरड पडली की कुठलीच भाषा कामाला येत नाही. पण इतकं नक्की, की तोवर मी घरचं आणि कॉलेजचं अशा दोन पिशव्या वेगळ्या धरून चालत होते आणि दोन्ही पिशव्यांत तीच भाजी होती.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरले, तीन ठिकाणी. एसओपीची पहिली ओळ होती: आमच्याकडे रात्री रानात जाणारा माणूस वर बघत नाही. इंग्रजीत ते वाक्य जरा खडबडीत झालं, मी तसंच ठेवलं. लोक विचारतात म्हणून सांगते, एका ठिकाणी निवड झाली. तिथे सहा आठवडे मी काय केलं असेल? डेटा फ्लॅग केला. दुर्बिणीच्या नोंदींमध्ये जिथे जिथे माणसांचा आवाज शिरलाय, मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारा, विमानं, तिथे तिथे खूण करून तो तुकडा बाद करायचा, म्हणजे उरेल ते आकाश. किचकट काम. बाकीची मुलं वैतागली. मला त्या तुकड्यांची कीव यायची. पडद्यावर ठरावीक वेळेला उठणारी एखादी उभी रेघ दिसली की मी खोडण्याआधी क्षणभर थांबायचे, कुणाचं तरी पाणी चालू झालं असेल.

त्यानंतर मुलाखती पुष्कळ दिल्या. निम्म्यांत नापास झाले. 'माहीत नाही' म्हणायला मी अजूनही घाबरते. वाढ म्हणावी असा एक फरक झाला असेल तर तो असा, की हल्ली कुणी प्रश्न विचारला की मी आधी पीडीएफ उघडत नाही, आधी अंगणात जाऊन येते. कधी तिथे काही सापडतं, बऱ्याचदा नाही. त्या अकरांतल्या कानपूरच्या मुलाची मध्यंतरी एका परिषदेत गाठ पडली. मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी खारीकडे काय बघत होतास? त्याला खार आठवत नव्हती. तो म्हणाला, मला इतकी भीती वाटत होती की समोरचं काहीच दिसत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या मे महिन्याचं. २० तारखेच्या सुमाराला मी परीक्षेसाठी पुण्याला परतले. निघताना वहीचं ते पान ओट्यावरच राहिलं. आठवड्याने रात्री आप्पांचा फोन आला. आधी टोमॅटोचा भाव सांगितला, मग आजीचा खोकला, मग जरा थांबून म्हणाले, "तुझं ते पान भरतोय मी. ७ वाजून ४६ पासनं पुढं हाय. मधी दोन दिस चुकलं."

मी काही बोलेचना. आप्पा ओट्यावर खांबाला पाठ लावून बसतात आणि वर बघतात, हे चित्र मला डोळ्यांपुढे आणता येईना.

"पण आता जमायचं नाय," ते म्हणाले. "टाकीपाशी जातो तव्हा उजेडच असतो. दिसतच नाय. मृग लागायला आठ-दहा दिस राह्यलेत. म्हंजे सूर्य त्याच्याच अंगाला आला, व्हय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरोबर हाय." मागे आईचा आवाज आला, टॉर्च कुठे ठेवली म्हणून. "ठेवतो आता. ह्या आठवड्यात रात्रीची लाईट हाय."

आणि लगेच परत म्हणाले, "फ्यूज बदलला बरं का. वायरमन आला होता."